वाणाचा सकर मासा

आमच्या थोरल्या जाऊबाई सिंधूबाई कधी चुकत नाहीत, हे साऱ्या पुसेगावाला ठाऊक आहे. कारण त्या स्वतःच ते सांगतात. तीस मेंढ्या, चार एकर हळद आणि आमचे थोरले दीर लिंबाजी, एवढा कारभार त्या एकट्या आवाजावर चालवतात.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्यांनी बारा बायकांना एकेक जिवंत सकर मासा दिला, पाण्याच्या पिशवीत घालून; तेरावा आमच्या हौदात सोडला. हिंगोलीहून आणलेला, बोटाएवढा, खवल्यांच्या जागी अंगभर कडक कवच. "हौदातलं शेवाळ खातो. घासायची तकलीफच न्हाई!" हौद खरंच लख्ख झाले. मग काय, जाऊबाईंना मिरवायला गाव अपुरं पडू लागलं.

उन्हाळ्यात लिंबाजींचा दोस्त जळबा आला. तो धरणावर मासे धरतो. आमच्या हौदातला मासा आता वीतभर झालेला. तो पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, ह्ये नदीत गेलं की काठ पोखरतंय, दुसऱ्या माशांची अंडी खातंय. काट्यानं आमची जाळी फाडतंय. पोटावर पाय येतो आमच्या."

इकडे बायका म्हणू लागल्या होत्या, मासा फार वाढला, ओढ्यात सोडून देऊ. आमचा ओढा कयाधू नदीला मिळतो. जाऊबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी आधी आमचाच मासा बादलीत टाकून त्या निघाल्या, मागे मी. दिलेलं वाण परत मागायला! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अपशकुन व्हईल," बायका म्हणाल्या.

"झाला तर माझ्या घरी व्हईल. टाक बादलीत."

मासे पुरायला जळबा खड्डा खणून बसलाच होता. अकरा घरांचे मासे जमले. बारावं घर मोहिनीचं. जाऊबाईंपुढे न दबणारी गावात ती एकटीच. दारातच उभी राहिली.

"आधी चुकलं म्हणा. समद्यांसमोर."

आता बादली हिच्या डोक्यात बसणार, अशी माझी खात्री झाली. जाऊबाईंनी पदर खोचला आणि मेंढरांना हाकतात त्या आवाजात ओरडल्या, "चुकलं माझं! ऐकलं का? सिंधूचं चुकलं!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पंधरा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

मोहिनी हबकलीच. साडी वर खोचून ती हौदात उतरली. काट्याने बोट रक्ताळलं, तरी मासा सोडला नाही. तो बादलीत टाकून म्हणाली, "घ्या, सिंधूबाई. तुमच्या जागी मी असते, तर मला चुकलं म्हणता आलं नसतं."