फोडणीच्या पोळीत अंडं

दुपारचं जेवण उरकून मी आतल्या खोलीत आडवी होते. बाहेर हॉलमध्ये उद्याच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाची चर्चा चालली आहे. खीर तांदळाची की गव्हल्यांची, भाजी भोपळ्याची की गवारीची. ज्यांचं श्राद्ध आहे त्यांना यातलं काहीच आवडत नसे. हे निम्म्यांना ठाऊक आहे, आणि उरलेल्यांनी कधी विचारलं नाही.

डोळा लागत नाही. या कुशीवर वळते, उशी उलटी करते, पुन्हा त्या कुशीवर. कपाटाजवळ चाकांची नवी बॅग उभी आहे, मुलाने, निरूने हैदराबादहून आणलेली. श्राद्ध उरकलं की त्या बॅगेबरोबर मलाही न्यायचं ठरलंय. ठरवायला घरातले सगळे होते, मी चहा करत होते.

पंख्याचा आवाज पातळ होत जातो. मग तो पंख्याचा राहतच नाही. कुणीतरी वाटीत अंडं फेटतंय.

"झोपलीस का गं?"

गॅलरीत हे बसलेत. लेंगा, बनियन, पुढ्यात विजेची शेगडी. हे जाऊन वर्ष होत आलं, पण तो विषय यांनीही काढला नाही आणि मीही नाही. आलेल्या माणसाला दारातच कशाला विचारायचं, परत कधी जाणार म्हणून.

"दार लावून घे," हे म्हणतात. "वास येईल तुला."

आमच्या संसारातली ही वाटणी होती. अंडी यांची, दार माझं. यांचा तवा वेगळा, ताटली वेगळी, टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून हे स्वतः कोपऱ्यापर्यंत नेऊन टाकायचे. वाटेत कोणी भेटलं तर पुडकं पाठीमागे धरायचे, आणि तेवढ्यावरून सगळ्या आळीला कळायचं.

"आता नाही येत मला वास," मी म्हणते.

फेटणं थांबतं. "म्हणजे?"

"म्हणजे काय, एकटीसाठी वरण, भात, भाजी करायची आणि तेच तीन दिवस खायचं? एकदा संध्याकाळी भूक लागली, भाजी निवडायचा कंटाळा आला, सकाळच्या पोळ्या उरलेल्या. खाली जाऊन दोन अंडी घेऊन आले. पदराखाली धरून."

"मग?"

"पोळ्या कुस्करल्या. कांदा, मिरची, हळद घालून फोडणीला टाकल्या. जरा खरपूस झाल्यावर वरून अंडी फोडली आणि ढवळलं. त्याला वेळ लागत नाही, पैसे लागत नाहीत, भांडंही एकच. कधी आमटी उकळली की तीतच फोडून सोडते. झालं जेवण."

"तवा कुठला घेतलास?"

"आपला. पोळ्यांचा."

हे इतके हसतात की शेगडी हलते. "आणि मला जन्मभर गॅलरीत बसवलंस."

"तुम्हाला हवा लागायची ना तिथे."

मी हसत कठड्याला टेकायला जाते तर हाताला ओला दगड लागतो. कृष्णेचा घाट आहे. पुढे भाताचे पिंड मांडलेत, मागे सगळे आपले उभे, यांच्या दहाव्याला होते तसेच. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं आमच्यात धरतात. यांच्या पिंडाला शिवत नव्हता. मग एकेक जण पुढे होऊन कबूल करत गेला, कुणी काय म्हटलं ते माझ्याकडे नीट जमा आहे. भालूभावजी म्हणाले, वाटणीसाठी कोर्टात जाणार नाही. पुतण्या म्हणाला, सिगारेट सोडतो. तो ओढतो हे त्याच्या आईला तेव्हाच कळलं. शेवटी निरू म्हणाला, "बाबा, आईला एकटी ठेवणार नाही. माझ्याकडे घेऊन जातो." कावळा पिंपळावरून हलला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि मंडळी जेवायला निघाली. भावजी वकिलाकडे जाऊन आले, पुतण्या अजून ओढतो. निरूचा शब्द तेवढा पक्का निघाला.

तेव्हापासून मला स्वस्थ म्हणून बसवत नाही.

"काय राहिलं होतं हो तुमचं?" मी विचारते.

हे पायरीवर बसून पाण्यात पाय हलवतायत. "कावळ्याचं पोट भरलं होतं. घाटामागे ऑम्लेटची गाडी लागते. पावाचे तुकडे पडलेले असतात."

"थट्टा नको."

"थट्टा कुठली. मीही तिथेच होतो."

मी यांच्याजवळ जायला एक पायरी उतरते आणि पायाखाली गुळगुळीत फरशी येते. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, हैदराबादचं. निरूची बायको मृदुला ओटा पुसत म्हणते, "आई, इथे अंडं तेवढं नाही हं चालत. घरमालकांची अट आहे." फोनवर म्हणाली होती, त्याच गोड आवाजात. पोरगी वाईट नाही, माझ्यासाठी पडदेसुद्धा शिवलेत तिने. मी तेव्हा "बरं" म्हटलं होतं. आणखी काय म्हणणार? अंड्याचा वास नको म्हणून दार लावणाऱ्या सासूला आता अंडं लागतं, असं?

मृदुला नाही आता. हे एकेक खण उघडून तवा शोधतायत. एका खणात भाताचे पिंड ओळीने ठेवलेत. हे तो हळूच बंद करतात.

"इथे राहणार तू?"

"मुलाने शब्द दिलाय."

"मला दिलाय. तुला विचारलं त्याने?"

"नाही."

"तू सांगितलंस त्याला, नको म्हणून?"

मी ओट्यावरचा नसलेला डाग पुसते.

"सगळ्यांच्या मनातलं तुला दिसतं," हे म्हणतात. "तुझ्या मनातलं कुणी ओळखायचं? कावळ्याने?" खण लावता लावता यांचा आवाज उतरतो. "मी निघालो होतो गं. भालूचं ऐकलं, म्हटलं थाप आहे, चालायचंच. तेवढ्यात निरू बोलला आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तोंड एवढंसं झालं होतं तुझं. मग कावळ्याला मीच धरून ठेवलं. म्हटलं, आता तरी ही बोलेल."

"नाही बोलले."

"नाहीच बोललीस. शेवटी त्यांनी गवताचा आणला. हात भरून आला होता माझा."

यांच्या हातात तवा आहे, आपला पोळ्यांचा. "कर," हे म्हणतात. मी पोळी कुस्करते, कांदा परतते. तव्याच्या कडेवर अंडं आपटते, ते बोटांवरून ओघळतं. हे शेजारी उभे, भुकेल्या माणसासारखे, पण पहिला घास उचलून माझ्याच तोंडापुढे धरतात.

"आधी तू."

घास गरम आहे. मी चावते, आणि दाताखाली कचकन काहीतरी येतं.

"फोडता येत नाही अजून," हे म्हणतात. "रोज करत जा. येईल."

त्या कचकन आवाजानेच जाग येते. पंखा, छत, बाहेर भोपळा की गवार. जिभेवर खरखरीत काही लागतंय. बोटावर घेऊन पाहते. अंड्याच्या टरफलाचा तुकडा, नखाएवढा, आतला पापुद्रा अजून ओला. पाहुणे आल्यापासून घरात अंडं आलेलं नाही.

बोट तसंच धरून मी हॉलमध्ये येते.

"निरू, मी हैदराबादला येत नाही."

भालूभावजी पानाचा डबा मिटतात. निरू माझ्याकडे बघतो, मग बोटाकडे.

"हे काय आहे आई?"

"अंड्याचं टरफल," मी म्हणते. "बस. सांगते."