गायीच्या चामखिळी आणि नणंदेचे यजमान

माणसांपेक्षा माणसांच्या पेशींशी ज्याचं जास्त जमलं, असा मनुष्य आमच्या साऱ्या गोतावळ्यात एकच: माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भावजी. त्यांची उभी नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. काचेच्या ताटलीत माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर माकडांच्या, कोंबड्यांच्या कॅन्सरच्या गाठींचे विषाणू सोडायचे, हा त्यांचा उद्योग. निवृत्त होऊन आमच्या बेलापुरात आले, तरी लोणच्याची बरणी उघडली की तिचं तोंड गॅसच्या ज्योतीवरून फिरवल्याशिवाय फोड काढत नाहीत. नणंदेच्या दोन प्लॅस्टिकच्या बरण्या त्यात वितळल्या. लग्नाच्या पंगतीत बसले की माझ्या कानाशी लागणार, "शहाणी पेशी शेजारणीला टेकली की थांबती, वहिनी. विषाणूनं बिघडवलेली थांबत न्हाई, डोक्यावर चढून बसती." आणि पानावरून उठून वाढप्याच्या अंगावर जाणाऱ्या व्याह्यांकडे खुशाल बोट दाखवणार.

हे सगळं मी मन लावून ऐकलं, तिथंच चुकले. तीन वर्षांपूर्वी आमच्या गायीच्या सडांवर चामखिळी उठल्या आणि महिन्याभरात माझ्या मनगटावर गाठ. मी तेव्हा तरणीताठी, अडुसष्टची. अक्कल यायची होती. गायीनंच मला बिघडवलं, असा निकाल देऊन मोकळी झाले. नातवंडांना जवळ येऊ देईना, चांगली लुगडी सुनांना वाटून टाकली आणि गायीला गिऱ्हाईक बघायला लावलं.

गिऱ्हाइकाच्या आधी भावजी येऊन थडकले.

"भावजी, खरं सांगा. जनावराचा विषाणू माणसाच्या पेशी बिघडवतो का न्हाई?"

"ताटलीत बिघडवतो. तुमी ताटलीत ऱ्हाता का? गायीच्या चामखिळी माणसाला धरत न्हाईत."

"मग ही गाठ कशाची?"

"ते काढून तपासल्याबिगर मीबी सांगनार न्हाई."

श्रीरामपूरला गाठ काढली, तपासायला गेली. आठ दिवसांनी रिपोर्ट आणायला मी आणि भावजी गेलो. भावजींनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. मग म्हणाले, "साधी गाठ हाय."

मला इतकं हलकं वाटलं की तिथूनच थोरल्या सुनेला फोन लावला, गाय विकायची नाही म्हणून सांगितलं आणि त्याच दमात लुगडी परत मागितली.

भावजी मात्र दवाखान्याबाहेरच्या बाकावर चष्मा काढून बसून राहिले.

"झालं ना आता चांगलं?" मी म्हटलं.

"चाळीस वर्षं ताटल्या बघितल्या, वहिनी. त्यातल्या एकीलाबी मी नावानं वळखत नव्हतो. आज कागदावर तुमचं नाव हुतं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकले. समोरून बेलापूरची एसटी गेली. आम्ही दोघंही उठलो नाही.