पन्नास जोड्यांची फौज

"पन्नास बायकांना मिशा लावायला किती वेळ लागेल?" मी मेकअपवाल्याला विचारलं. त्याला गंमत वाटली. मला नाही.

पालीजवळ धरणाच्या अंगाला आमचा प्लायवूडचा किल्ला उभा होता. मालिका प्राचीन काळातल्या एका वेढ्याची. मी ज्युनिअर आर्टिस्ट को-ऑर्डिनेटर, म्हणजे सोप्या भाषेत गर्दी पुरवणारा. दिग्दर्शकांना शंभर सैनिक हवे होते आणि तेही त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी किल्ला उतरवायचा होता. आधीच्या मालिकेत माझ्या एका दरबाऱ्याच्या हातात मोबाईल दिसला होता. आता चूक झाली तर घरी बसायचं, असं मला तोंडावर सांगितलेलं होतं.

ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच गावी परतली होती. टोळ्या कारखान्यावर नेणारे भानुदास मुकादम ओळखीचे. त्यांना मी फोनवर शंभर माणसं सांगितली. ते पन्नास नवरा-बायको घेऊन आले.

"मुकादम, मला सैनिक पाहिजेत."

"मंग हायेत की. आमच्यात जोडीच धरतेत, साहेब. एकटा गडी कावून येईल?"

"बायकांना परत पाठवा."

"मंग गडीबी चालले."

म्हणून मिशा. बायकांना चिलखतं घातली आणि मागच्या रांगेत उभं केलं. दिग्दर्शक सरांना काही बोललो नाही.

शॉट असा होता: डोक्यावर ढाल धरून शिडी चढायची, वरून थर्माकोलचे दगड येणार, सैन्य अर्ध्यातून माघारी फिरणार. पुढचे गडी चार पायऱ्या चढले की ढाल सुटायची, मग गडीही सुटायचा. पाच टेक झाले. टेक म्हणजे तेच काम पुन्हा पहिल्यापासून. ऊन उतरायला लागलं.

"ही फौज आणलीस?" सर म्हणाले. मी खाली पडलेल्या ढाली गोळा करायला लागलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून टोळीतल्या कौसाबाई मिशी दाबत पुढे आल्या. "साहेब, ह्यांला कशाला चढवता? हे ऊस तोडतेत. मोळी डोक्यावर घिऊन ट्रकवर आमी चढतो."

सर मिशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चढा."

कौसाबाईंनी शिरस्त्राण काढून फडक्याची चुंबळ ठेवली, वर ढाल ठेवली आणि निघाल्या. मागोमाग सगळ्या. दगड पडत होते, कुणी वर बघेना. एकीनं तर दगड झेलून परत हाणला. किल्लेदार झालेला मुंबईचा नट संवाद सोडून पळाला. दोन मिनिटांत किल्ला काबीज झाला.

"कट! अर्ध्यातून परतायचं होतं ना?"

वरून कौसाबाई म्हणाल्या, "अर्ध्यातून मोळी टाकून कुणी उतरतं व्हय?"

सरांनी मॉनिटरवर शॉट तीनदा पाहिला आणि लेखकाला फोन लावला. "वेढा आज संपला. पुढचं नवीन लिही." पलीकडून लेखक बराच वेळ बोलत होता.

माझी नोकरी राहिली. आता गर्दी मागवताना आधी विचारतो, तुमच्यात चढतं कोण? आणि कुठे थांबायचं, ते चढायच्या आधीच सांगतो.