मनांग पासिंगने धरलेली जागा

फिलिपीन्समधल्या इलोइलोत नाताळ जवळ आला की सगळ्यांच्या थोरल्या ताईच्या, मनांग पासिंगच्या, ट्रॅव्हल एजन्सीत धंद्याला न शोभणारा एक उद्योग चाले. परदेशात घरकामाला गेलेल्या बायका फोन करत, "मनांग, विमानात माझी एक जागा धरून ठेव हं!" पैसे भरलेले नसत, रजाही मंजूर नसे. तरी मनांग जागा धरी, मुदत संपली की पुन्हा धरी. आठवणीच्या चिठ्ठ्या ती टेबलफॅनच्या जाळीत खोचायची. पंखा लावला की निम्मी गिऱ्हाइकं विमानाशिवायच उडत.

शेजारच्या रोडेलला हे बघवेना. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला. त्याने मोठ्या हौसेने गिऱ्हाइकं आणि बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार केलं. ते वाढदिवसाला शुभेच्छा पाठवी, पासपोर्ट संपत आला की आठवण करी आणि पैसे न भरलेली बुकिंगं रोज दुपारी आपोआप सोडून देई.

"सगळी?" मनांगने विचारलं.

"सगळी. विमान कंपनी दंड लावते, मनांग."

"आणि दयामाया, तोतो बाळा?"

"तिचा रकाना नाही ठेवला," म्हणून तो स्वतःच खोखो हसला.

त्याच आठवड्यात त्याच्या आजीने, लोलाने, अंथरूण धरलं. रोडेलला तिनेच वाढवलेलं. त्याची आई मेर्लिंडा तो बोबडं बोलत होता तेव्हापासून हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. मालकीण रजा देईना. तरी तिने मनांगला गुपचूप फोन केला, "एक जागा धर. पोराला सांगू नकोस, उगाच आस लावून बसेल."

मनांगने सवयीने जागा धरली. दुपारी सॉफ्टवेअरने ती सोडली. दुसऱ्या सकाळी मालकीणबाई विरघळल्या, रजा मिळाली. पण नाताळची विमानं खच्चून भरलेली. मनांगने धरलेली जागा कुठे गेली ते बघायला रोडेलने यादी उघडली. आईचं नाव, पुढे त्यानेच निवडलेला नीटस हिरवा शब्द: 'मुक्त'.

"मेर्लिंडा निघाली का रे?" लोला विचारत राहिली.

"निघाली, लोला."

जागा मिळाली ती नाताळ उलटल्यावर. मेर्लिंडा दारात आली तेव्हा अंगणात रिवाजाप्रमाणे मयताच्या जागरणाला आलेल्यांचा पत्त्यांचा डाव आणि कॉफी चालली होती, लोला मात्र काच लावलेल्या शवपेटीत झोपलेली. मेर्लिंडाने आईच्या गालावरची काच हाताने पुसली. स्वच्छच होती ती.

"एकही जागा नव्हती का गं?" तिने मनांगला विचारलं.

"कुठली गं, बाई! कोंबड्या कोंबाव्यात तशी माणसं कोंबली होती," मनांग धडधडीत खोटं बोलली.

"होती, नानाय," रोडेल आईला म्हणाला. "तुझ्या नावाची. मी बनवलेल्या सॉफ्टवेअरने सोडली."

पत्ते थांबले. मेर्लिंडाने काचेवरचा हात काढून घेतला.

"कशाला सांगितलंस रे?" ती म्हणाली. "वाटभर मालकिणीला शिव्या घालत आले होते. बरं चाललं होतं माझं."