एका वाक्यात एकच नकार

नारायण पेठेत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांच्या तोंडून कौतुक काढणं अवघड. चहा आवडला तरी "वाईट नाही" एवढंच. इंग्रजी अर्जात मात्र त्यांना एका वाक्यात दोन नकार खपत नाहीत. लाल पेन्सिलीने त्यातला एक खोडतात आणि वर गिऱ्हाइकाला सुनावतात, "दोनदा नाही म्हटलंत, म्हणजे हो झालं. साहेब हसेल."

परवा मी माझं पत्र तपासून घ्यायला बसलो होतो. तेवढ्यात बिबवेवाडीची एक मुलगी कुठल्याशा दुकानातल्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज तपासून घ्यायला आली. त्यात होतं, 'आय डोन्ट हॅव नो एक्स्पीरियन्स.' त्यांनी पेन्सिल उचलली आणि थांबले.

"घरी काय करतेस?"

"काही नाही. आईच्या पिठाच्या गिरणीवर बसते, दहावीपासून."

"लोक भांडतात?"

"रोज. प्रत्येकाला आपलं दळण आधी हवं असतं. मी डबे नंबराने लावते, कुणाचं ऐकत नाही."

त्यांनी दोन्ही नकार खोडले. गिरणीचं सगळं स्वतः इंग्रजीत टाइप केलं आणि नेहमीप्रमाणे तिला मराठीत वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ती ताठ बसली.

"हे माझंच आहे?"

"मग काय माझं? छान आहे."

मी चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्याकडून ऐकला नव्हता. मोठ्या आशेने मी माझं पत्र पुढे केलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"वाईट नाही."