खाडीकाठचं गवत

खाडीकाठच्या फुटबॉल मैदानावर दोघं भाऊ माळी होते. मैदानातलं मऊ गवत म्हणजे थोरल्याचा जीव की प्राण. धाकट्याने एकदा खाडीच्या खारट चिखलात वाढणारं गवत आणून गोलच्या मागे लावलं, तेव्हा थोरल्याचं डोकंच फिरलं. "मैदानात रान माजवतोस?" म्हणत त्याने ते मुळासकट उपटलं. शब्दाने शब्द वाढला. थोरल्याने साहेबांचे कान भरले आणि धाकट्याची नोकरी गेली. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

बऱ्याच वर्षांनी एका वादळात समुद्राचं पाणी मैदानात शिरलं आणि जिवापाड जपलेलं गवत करपून गेलं. खाडीकाठ मात्र हिरवागार होता. थोरल्याने मान खाली घालून धाकट्याचं घर गाठलं.

"ते गवत लावायचं कसं, सांगशील?"

धाकट्याने आधी त्याला बसवलं. "उन्हाळा तापला की लाव, दादा. त्याला ऊब लागते. रोज वरवर शिंपडू नकोस. एकदाच भरपूर गोडं पाणी सोड, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरेल. थंडीत पिवळं पडलं तर घाबरू नकोस, ते नुसतं झोपलेलं असतं."

"तूच चल ना."

"आता गुडघे गेले रे. तेव्हा बोलावलं असतंस तर धावत आलो असतो."

उन्हाळा संपेपर्यंत मैदान हिरवं झालं. लोक पाठ थोपटायला लागले की थोरला म्हणायचा, "हे माझ्या भावाचं आहे." तो दोनदा रिक्षा घेऊन धाकट्याकडे गेला. दोन्ही वेळा धाकट्याने हसून चहा पाजला, पण मैदान बघायला यायचं काही कबूल केलं नाही.