सिंघाड्याच्या पानाखालचा अमीबा

अकरावीत असताना मी अमीबाचं चित्र डोळे मिटूनसुद्धा काढू शकत होते. मधे केंद्रक, बाजूला एक पोकळ वर्तुळ, कडेला बोटांसारखे चार-पाच फुगवटे, झाला अमीबा. झाशीतल्या आमच्या मुलींच्या इंटर कॉलेजात जीवशास्त्राच्या बहनजी तो फळ्यावर काढायच्या आणि आम्ही वहीत उतरवायचो. एकदा मी उभी राहून विचारलं, "बहनजी, असली अमीबा कब दिखाएँगी?"

"परीक्षा में चित्र आता है बेटा, अमीबा नहीं आता," त्या म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. मला मात्र ते फार लागलं.

कारण आदल्याच महिन्यात आम्ही कांद्याचा पापुद्रा पाहिला होता. आयोडीनचा एक थेंब टाकला आणि साध्या भाजीच्या कांद्यात विटा रचाव्यात तशा पेशींच्या ओळी दिसल्या, प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. पण त्या जागच्या जागी बसलेल्या. एकच पेशी हिंडते, खाते, पोट भरल्यावर दोन होते, हे पुस्तकात वाचून माझं समाधान होत नव्हतं. मला ती चालताना पाहायची होती.

मी बहनजींच्या मागेच लागले. शेवटी त्यांनी कपाटातून सूक्ष्मदर्शक काढून दिला. कॉलेजात तो एकच होता. "शनिवार को, छुट्टी के बाद. कुछ टूटा तो तुम्हारे पिताजी को बुलाऊँगी."

मग मी घरात बरण्या मांडल्या. हौदाचं पाणी, कुंडीखालचं पाणी, वाळलेलं गवत उकळून, त्यात थोडं हौदाचं पाणी मिसळून ठेवलेलं पाणी. चौथ्या दिवशी त्या गवताच्या पाण्याला असा वास सुटला की आई स्वयंपाकघरातून नाकाला पदर लावूनच बाहेर आली. "अगं, घर आहे की डबकं? फडताळात लोणच्याशेजारी ठेवलीस ही घाण?" बरण्या अंगणात गेल्या. पण त्याच घाणीच्या एका थेंबात मला पॅरामीशियम दिसले. शेकडो, चपलेच्या तळव्यासारखे, इकडून तिकडे नुसते पळत होते. बहनजींनी डोकावून "शाबास" म्हटलं. अमीबा मात्र नव्हता. पुढच्या शनिवारी नव्हता, त्याच्या पुढच्याही नव्हता.

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं, वाळवी लागलेलं पुस्तक होतं. त्यात एक ओळ सापडली: संथ पाण्यातल्या कुजक्या पानांच्या खालच्या बाजूला जो बुळबुळीत थर असतो, त्यात अमीबा राहतो. वाचताच मला सिंघाडे, म्हणजे आपले शिंगाडे, आठवले. हंगाम नुकताच संपला होता आणि तळ्यात वेलांची पानं कुजत पडली होती.

बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. रविवार हा त्यांचा एकमेव सुट्टीचा दिवस. तरी त्यांनी सायकल काढली आणि मला मागे बसवून तळ्यावर नेलं. सिंघाडे काढणारी एक म्हातारी काठावर बसली होती. मी तिच्याकडे पानं मागितली.

"सरे पत्तन कौ का करहौ, बिन्नू?" पोरी, कुजकी पानं घेऊन करणार काय, असं ती विचारत होती.

"पढ़ाई के लिए चाहिए, अम्मा," बाबा म्हणाले.

"जे पढ़ाई है?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पण लुगडं खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि काळीमिट्ट पडलेली पानं तिने ओंजळीने माझ्या डब्यात भरली.

पानांखालचा थर मी खरवडून एका पसरट काचेच्या भांड्यात ठेवला. वर तळ्याचंच पाणी घातलं आणि गाळ बसू दिला. शनिवारी तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहायला बसले. माती, शेवाळ, पुन्हा माती. तास गेला. मान अवघडली. एका कोपऱ्यात करड्या रंगाचा, कडा धड नसलेला एक डाग होता. धूळ समजून मी पट्टी सरकवणार, तेवढ्यात त्या डागाच्या एका बाजूला फुगवटा आला. आतले कण त्या फुगवट्यात वाहत गेले आणि त्यांच्या मागोमाग सगळा डागच तिकडे सरकला.

मी ओरडलेच. "बहनजी! चालतोय! चल रहा है!"

बहनजी वह्या तपासत होत्या, त्या धावत आल्या. चष्मा काढून त्यांनी डोळा लावला आणि बारीक कळ पुढे-मागे फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बीस साल से पढ़ा रही हूँ. ज़िंदा आज पहली बार देखा." त्या शिकत होत्या त्या कॉलेजातही रंग दिलेल्या, मेलेल्या अमीबाची काचपट्टीच दाखवायचे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. सोमवारी अख्ख्या वर्गाची रांग लागली. फळ्यावरचं आपलं चित्र त्यांनी स्वतः पुसलं. "ऐसा नहीं होता," म्हणाल्या, "हर घड़ी नया होता है."

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. कपाळाला आठ्या, हातात गुणांचा कागद. त्यांनी मला विचारलं, "अमीबा में संकुचनशील रिक्तिका क्या करती है?"

उत्तर मला पाठ होतं. पेशीच्या आतल्या रसात क्षार जास्त असतात, म्हणून बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं. ही रिक्तिका ते साठवते आणि बाहेर फेकते, नाहीतर अमीबा फुटेल. पण मी जपून ठेवलेल्या भांड्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि म्हटलं, "सर, देखेंगे?"

ते वाकले. स्वच्छ गोल बुडबुडा हळूहळू फुगत होता. फुगला आणि टचकन नाहीसा झाला. थोड्याच वेळात त्याच जागी पुन्हा एक बारीक ठिपका उमटला. परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ पाहत दुसरा बुडबुडा मोजला, मग तिसरा, मग चौथा. मागच्या मुली ताटकळत उभ्या राहिल्या. परीक्षकांनी मान वर केली तेव्हा कपाळावर एकही आठी नव्हती. "ये कहाँ से मिला?"

"सिंघाड़े के पत्ते से, सर."

"किसने ढूँढा?"

मी बोलायच्या आतच बहनजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेरी इस लड़की ने."

जाताना परीक्षकांनी जरा संकोचतच विचारलं, आपल्या कॉलेजातल्या मुलांसाठी यातलं थोडं मिळेल का? मी निम्मा गाळ एका बरणीत भरून दिला. झाशीच्या तळ्यातला तो काळा चिखल दोन्ही हातांनी छातीशी धरून ते रिक्षात बसले. स्टेशनाकडे निघालेल्या त्या रिक्षाच्या मागे फाटकापर्यंत धावत जाऊन आमच्या कडक बहनजी ओरडल्या, "भैया, धीरे चलाना! गड्ढे बचाके!"